झेडपी शाळांच्या फरशीवर अक्षरं आणि आकडे का रंगवलेले असतात? उत्तर साताऱ्यात सापडतं

इन्स्टावर स्क्रोल करताना असा एखादा रील तुमच्याही समोर आला असेल. जिल्हा परिषदेची साधी शाळा. दाराबाहेर चपलांची रांग. आत बाक नाहीत. फरशीवर ऑइलपेंटनं रंगवलेली अक्षरं, एक ते शंभर आकड्यांचा तक्ता, सापशिडी, घड्याळ. पोरं चार-पाच जणांचे गट करून त्यावर बसलेली. कुणाच्या हातात आईस्क्रीमच्या काड्या, कुणासमोर बाटल्यांची झाकणं. आणि गुरुजी कुठायत म्हणून बघावं, तर ते पोरांच्या घोळक्यात मांडी घालून बसलेले.

खाली कमेंट्स दोनच प्रकारच्या असतात. पहिली, "आमच्या वेळी असं असतं तर आम्हीपण शिकलो असतो." दुसरी, "सगळं फोटोपुरतं ओ, साहेब गेले की परत फळा आणि छडी."

गंमत म्हणजे या दोन्ही कमेंट्स खऱ्या ठरू शकतात. कुठल्या शाळेत पहिली खरी ठरते आणि कुठल्या शाळेत दुसरी, हे नेमकं कशावर ठरतं, तेच आज समजून घेऊ. त्यासाठी जावं लागतं सातारा जिल्ह्यातल्या कुमठे बीटमध्ये.

बीट म्हणजे काय आणि कुमठ्यात काय झालं?

बीट म्हटलं की आपल्याला पोलीस आठवतात. पण शिक्षण खात्यातही बीट असतं. आजूबाजूच्या काही शाळा मिळून एक केंद्र होतं, त्याला केंद्रप्रमुख असतो. अशी काही केंद्रं मिळून एक बीट होतं आणि त्यावर शिक्षण विस्तार अधिकारी असतात. आता विस्तार अधिकारी म्हटलं की शाळेत दोन गोष्टी होतात. सकाळी सकाळी झाडलोट होते आणि दप्तर, म्हणजे शाळेची रजिस्टरं, अपडेट होतात. साहेब येतात, शेरे मारतात, चहा पिऊन जातात.

कुमठे बीटच्या विस्तार अधिकारी प्रतिभा भराडे यांनी हा साचा मोडला. तपासणीपेक्षा त्यांचा भर शिक्षकांसोबत बसण्यावर राहिला. मूल शिकतं कसं, ते कुठे अडतं, अडल्यावर आपण काय करतो, या प्रश्नांवर शिक्षकांसोबत काम सुरू झालं. छडी बाजूला गेली, गप्पागोष्टींना वर्गात जागा मिळाली, फरशीचा फळा झाला आणि काड्या, झाकणं, चिंचोके यांचं शैक्षणिक साहित्य झालं. लक्षात घ्या, या साहित्याला फार पैसा लागत नव्हता. गावातल्या दुकानात आणि घरच्या अडगळीत जे मिळतं, त्यावरच काम भागत होतं.

या पद्धतीला नाव आहे ज्ञानरचनावाद. नाव ऐकून घाबरू नका, विषय सोपा आहे.

ज्ञानरचनावाद, बेचाळीस वजा सतरा

जुनी समजूत अशी होती की मुलाचं डोकं म्हणजे रिकामा हंडा आणि शिक्षकानं त्यात ज्ञान ओतायचं. स्वित्झर्लंडचे जाँ पियाजे आणि रशियाचे लेव्ह वायगॉट्स्की या दोघांनी हे चित्र बदललं. योगायोग म्हणजे दोघांचाही जन्म १८९६ चा. पियाजेंचं म्हणणं होतं की मूल स्वतः हाताळून, चुकून, पुन्हा करून आपली समज बांधत जातं. वायगॉट्स्कींनी त्यात भर घातली की एकट्याला जे जमत नाही ते थोडं पुढे असलेल्या सोबत्याच्या मदतीनं जमतं. म्हणून गट करून बसायचं. भारतात राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा २००५ यानं ही भूमिका अधिकृतपणे स्वीकारली.

आता हे वर्गात कसं दिसतं ते बघा. गणित आहे, बेचाळीस वजा सतरा.

आपल्याला कसं शिकवलं होतं? "दोनातून सात जात नाहीत, म्हणून शेजारून हातचा घ्या." आपण हातचा घेतला. तो कुणाचा, कुठून आला, त्या एकाचे दहा कसे झाले, हे आपल्यापैकी निम्म्या लोकांना आजही सांगता येणार नाही.

काड्यांच्या वर्गात पोरासमोर दहा-दहा काड्यांचे रबर लावलेले चार गठ्ठे असतात आणि दोन सुट्ट्या काड्या. त्याला सतरा काड्या काढून द्यायच्यात. एक गठ्ठा तो सहज देतो. राहिल्या सात. पण सुट्ट्या दोनच. पोरगं अडतं.

इथं शिक्षकाची खरी परीक्षा असते, कारण उत्तर त्याच्या तोंडावर आलेलं असतं आणि तरीही त्यानं गप्प बसायचं असतं. थोड्या वेळानं गटातलंच कुणीतरी म्हणतं, "आरं, गठ्ठा सोड की!" रबर निघतं, दोनाच्या बारा सुट्ट्या होतात, त्यातल्या सात जातात. उरतात दोन गठ्ठे आणि पाच काड्या. हातचा म्हणजे काय ते त्या पोराला कळलेलं असतं, आणि तेही "हातचा" हा शब्द ऐकायच्या आधी.

पण मग ते पोरगं ५२ का लिहितं?

उत्तर आलं पंचवीस. आता ते वहीत लिहायचंय आणि इथं दुसरी गंमत होते. बरीच मुलं पंचवीस ऐकून ५२ लिहितात. घरी लगेच टपली बसते, "लक्ष कुठंय तुझं?"

खरं तर त्याचं लक्ष फारच चांगलं असतं. त्यानं "पंच" आधी ऐकलं म्हणून पाच आधी लिहिला, "वीस" नंतर ऐकलं म्हणून दोन नंतर लिहिला. मराठीत आपण एकक आधी बोलतो आणि दशक नंतर, पण लिहिताना उलटं करतो. जर्मन भाषेतही पंचवीसला "पाच आणि वीस" असंच म्हणतात. कन्नडमध्ये मात्र इप्पत्तैदु, म्हणजे वीस आधी, पाच नंतर. सांगली जिल्ह्यातल्या जत तालुक्यात कन्नड माध्यमाच्याही शाळा आहेत. तिथल्या कन्नड बोलणाऱ्या मुलाला ज्या क्रमानं संख्या ऐकू येते त्याच क्रमानं ती लिहायला मिळते. शेजारच्या मराठी वर्गातल्या मुलाला ती सोय नाही.

२०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात पंचवीससोबत "वीस पाच" असा पर्याय दिला, तेव्हा केवढा गदारोळ झाला होता आठवतंय? मीम्सचा पाऊस पडला, विधानसभेपर्यंत विषय गेला. तेव्हा गणित समितीच्या प्रमुख होत्या गणितज्ञ मंगला नारळीकर. त्या वादात एक गोष्ट मागे पडली. मूल नेमकं कुठं अडखळतं ते शोधून तिथं पायरी टाकायची, एवढाच तो प्रयत्न होता. पंचवीस म्हणायला कुणी बंदी केली नव्हती.

मुलाची चूक म्हणजे त्याच्या विचाराचा पुरावा असतो. तो वाचता येणं, हे शिक्षकाचं सगळ्यात मोठं कौशल्य. डीएड-बीएडच्या पदवीसोबत ते आपोआप येत नाही.

फलटणच्या मॅक्सीनमावशी

वाचनाच्या बाबतीत हेच काम साताऱ्यातच, पण फलटणला, फार आधी सुरू झालं होतं. मॅक्सीन बर्नसन या मूळच्या अमेरिकेच्या. भाषाशास्त्राच्या अभ्यासक. फलटणमध्ये राहून त्यांनी फलटणच्या मराठीवरच पीएचडी केली, भारताचं नागरिकत्व घेतलं आणि प्रगत शिक्षण संस्था उभी केली. संस्थेची कमला निंबकर बालभवन ही मराठी माध्यमाची शाळा १९८६ मध्ये सुरू झाली. अमेरिकेत जन्मलेली बाई फलटणला मराठी शाळा काढते आणि आपण मराठी माध्यम टिकेल का यावर चर्चासत्रं भरवतो, हा विषय परत कधीतरी.

त्यांच्या वाचनपद्धतीमागचा विचार असा. आपण मुलांना आधी सगळी मुळाक्षरं शिकवतो, मग बाराखडी, मग जोडाक्षरं. पोरगं सहा-आठ महिने "क कमळाचा, ख खटाऱ्याचा" करत राहतं आणि तोवर त्याला एकही वाक्य स्वतःचं स्वतः वाचता येत नाही. त्यापेक्षा मोजकी अक्षरं आणि एखाद-दुसरी मात्रा असा छोटा गट घ्यायचा आणि लगेच शब्द वाचायला लावायचे.

उदाहरणार्थ क, म, ल ही तीन अक्षरं आणि काना घ्या. काका, मामा, काम, माल, काल, कलम, कमाल, लाल. चार चिन्हांत आठ शब्द झाले. "मामा काल कामाला" इथपर्यंत वाक्यसुद्धा येतं. वाचन म्हणजे अर्थ लागणं, हे पोराला पहिल्या महिन्यातच कळतं. सोबत चित्रांची पुस्तकं आणि भरपूर गप्पा.

गप्पांचा मुद्दा महत्त्वाचा आहे. माण-खटावचं, जतचं किंवा आटपाडीचं पोरगं घरी "पानी", "व्हतं", "न्हाय" बोलतं. पहिल्याच दिवशी त्याला "नीट बोल" म्हटलं की ते बोलायचंच बंद होतं. आणि जे पोरगं वर्गात बोलत नाही, त्याला काय येतं आणि काय येत नाही हे शिक्षकाला कळणार तरी कसं? प्रमाण भाषा शिकवायचीच आहे, पण घरच्या भाषेचा हात धरून.

मग हे सगळीकडे का झालं नाही?

२२ जून २०१५ ला राज्य सरकारनं "प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र" कार्यक्रमाचा शासन निर्णय काढला. शालेय शिक्षण विभागाचे तेव्हाचे प्रधान सचिव होते नंदकुमार. प्रत्येक मूल शिकलं पाहिजे, पद्धत कुठली वापरायची ते शिक्षकानं ठरवावं, अशी त्यामागची भूमिका होती. कुमठे बीटचं नाव राज्यभर गेलं. जिल्ह्याजिल्ह्यातून शिक्षक गाड्या करून वर्ग बघायला यायला लागले.

इथंच आपल्या दोन कमेंट्सचं उत्तर आहे.

आलेल्या शिक्षकांपैकी काहींनी परत जाताना फोटो नेले. गावात लोकवर्गणी काढली, पेंटर बोलावला, आठ दिवसांत फरशी रंगली, उद्घाटन झालं, पेपरात बातमी आली. पण वर्गात उत्तर अजूनही गुरुजीच सांगत होते. पोरं रंगवलेल्या आकड्यांवर नुसती बसत होती. अशा शाळेबद्दल दुसरी कमेंट खरी.

काहींनी परत जाताना प्रश्न नेले. पोरगं अडलं तेव्हा त्या बाई किती वेळ गप्प बसल्या? त्यांनी गट कसे केले? ज्याला येत नाही त्याला कोणासोबत बसवलं? या शिक्षकांनी कदाचित फरशी रंगवलीही नसेल, चिंचोक्यांवर भागवलं असेल. त्यांच्या शाळेबद्दल पहिली कमेंट खरी.

रंग विकत मिळतो. गप्प बसायची सवय लावून घ्यावी लागते आणि त्यासाठी ती दुसऱ्या कुणाच्या तरी वर्गात बसून डोळ्यांनी बघावी लागते.

शिक्षकांचा शिक्षक कोण?

ही गोष्ट साताऱ्यात फार जुनी आहे. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये कराड तालुक्यातल्या काले इथं रयत शिक्षण संस्था सुरू केली. पुढे संस्था साताऱ्याला आली. १९३५ मध्ये त्यांनी साताऱ्यात शिक्षक तयार करणारं सिल्व्हर ज्युबिली रुरल ट्रेनिंग कॉलेज काढलं. साल बघा. रयतचं मोफत निवासी हायस्कूल, महाराजा सयाजीराव विद्यालय, त्यानंतर १९४० ला आलं. म्हणजे हायस्कूलच्या आधी शिक्षक घडवायची सोय. पुढे वाड्यावस्त्यांवर रयतच्या पाचशेहून जास्त व्हॉलंटरी शाळा उभ्या राहिल्या. इमारत नसली तर शाळा देवळात भरायची, पण शिकवायला माणूस लागणारच, हे अण्णांना पक्कं ठाऊक होतं.

आजच्या शिक्षकाकडे साधनं कमी नाहीत. दर महिन्याला केंद्राची शिक्षण परिषद असते. जवळपास प्रत्येक जिल्ह्यात जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्था आहे, ज्याला सगळे डाएट म्हणतात, आणि साताऱ्याची डाएट फलटणला आहे. पुण्याच्या राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेचं "जीवन शिक्षण" मासिक आहे. बालभारतीचं १९७१ पासूनचं "किशोर" आहे, ज्याचे जुने अंक ऑनलाइन फुकट वाचता येतात. पाठ्यपुस्तकांवरचे क्यूआर कोड स्कॅन केले की दीक्षा ॲपवर व्हिडिओ उघडतात. शिवाय व्हॉट्सॲप ग्रुप तर विचारूच नका. नव्या शैक्षणिक धोरणानुसार, म्हणजे २०२० च्या, प्रत्येक शिक्षकानं वर्षाला किमान ५० तास स्वतःच्या व्यावसायिक विकासासाठी द्यायचेत.

पण पन्नास तास नुसतं लेक्चर ऐकलं तर काय होईल? ज्या हंड्यात ओतायच्या पद्धतीला आपण वर्गातून हाकलतोय, तीच शिक्षकांच्या प्रशिक्षणात पुन्हा येऊन बसेल. ऑनलाइन कोर्सचा व्हिडिओ म्यूट करून चालू ठेवायचा आणि शेवटी प्रमाणपत्र डाउनलोड करायचं, ही ट्रिक फक्त कॉलेजच्या पोरांनाच येते असं समजू नका.

उपयोगी पडतं ते असं. शेजारच्या शाळेत एक दिवस बसायचं. त्यातली एक गोष्ट आपल्या वर्गात करून बघायची. फसली तर पुढच्या शिक्षण परिषदेत सांगायचं, "माझं फसलं, का फसलं सांगा." हे म्हणता येईल इतकी मोकळीक केंद्रात असेल तर ते केंद्र शिकतंय. लॉकडाऊनमध्ये माण तालुक्यातल्या विजयनगरच्या शाळेतले शिक्षक बालाजी जाधव यांनी साध्या फोनवर कॉन्फरन्स कॉल लावून मुलांना गोष्टी सांगितल्या, शिकवलं. स्मार्टफोन नसलेल्या घरातलं पोरगं कुठं अडणार, हे ज्याला माहीत होतं त्यालाच ही आयडिया सुचली.

सांगलीचा भोंगा

शाळेत चार-सहा तास झाले, पण घरचं काय? याचं एक उत्तर सांगली जिल्ह्यातल्या कडेगाव तालुक्यात मिळतं. मोहित्यांचे वडगाव. लॉकडाऊननंतर पोरांच्या हातातला मोबाईल काही सुटेना. अभ्यासाला बसवायचं तर शेजारच्या खोलीत आईबाबांची सिरियल चालू. म्हणून सरपंच विजय मोहिते आणि गावानं मिळून ठरवलं आणि १५ ऑगस्ट २०२२ पासून गावात रोज संध्याकाळी सात वाजता देवळावरचा भोंगा वाजायला लागला. भोंगा वाजला की टीव्ही, मोबाईल बंद. साडेआठला पुन्हा भोंगा, मग चालू. मधल्या दीड तासात पोरांनी अभ्यास करायचा, मोठ्यांनी वाचायचं, बोलायचं. सुरुवातीला लोकांनी हसण्यावारी नेलं. मग आशाताई, अंगणवाडी सेविका, शिक्षक घरोघरी फिरले आणि जम बसला.

यात ॲप नाही, स्मार्ट बोर्ड नाही. गावानं पोरांना दीड तासाची शांतता दिली. शिक्षकाला हवी असलेली ही साधनसामग्री कुठल्याच शासकीय योजनेतून येत नाही.

अडचण फक्त शिक्षकाची नाही

हे सगळं वाचून "मग शिक्षकांनीच मनावर घ्यायला पाहिजे" असं म्हणून मोकळं होता येणार नाही. शिक्षण हक्क कायद्यानुसार प्राथमिक शाळेचा पट साठपर्यंत असेल तर दोन शिक्षक. म्हणजे पाटण, जावळीच्या डोंगरातल्या शाळेत चार-पाच इयत्ता आणि दोन माणसं. एका वर्गाला भाषण द्यायला उभं राहिलं की बाकीचे वर्ग नुसते बसून. अशा शाळेला गटात, साहित्य घेऊन, आपापलं शिकणारी मुलं ही चैन वाटायला नको. तिथं तोच एकमेव चालणारा मार्ग आहे.

त्याच कायद्याचं कलम २७ सांगतं की जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका सोडून शिक्षकांना अशैक्षणिक कामं द्यायची नाहीत. तरी "आम्हाला शिकवू द्या" अशी घोषणा देत शिक्षकांना मोर्चे काढावे लागले. माहिती भरा, लिंक भरा, फोटो अपलोड करा. फोटो अपलोड करायचाच असेल तर रंगवलेली फरशी बरी दिसते. पोरगं विचार करत गप्प बसलंय, याचा फोटो काढून कोण पाठवणार?

२०२३ मध्ये वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा करायचा विचार सरकारनं पुढे आणला, तेव्हा या छोट्या शाळांच्या गावांत धाकधूक वाढली. शाळा टिकवायची तर आईबापांचा विश्वास बसायला पाहिजे, आणि तो इमारत बघून थोडे दिवस बसतो, पोराला वाचता आलं की कायमचा बसतो.

म्हणून पुढच्या वेळी गावच्या शाळेत गेलात, झेंडावंदनाला असो की भाच्याच्या ॲडमिशनला, तर रंगरंगोटी बघून झाल्यावर तीन गोष्टी बघा. पोरं आपसात बोलतायत का? चुकलेलं पोरगं घाबरतंय का? आणि गुरुजींना विचारा, "गेल्या वर्षभरात तुम्ही दुसऱ्या कुठल्या शाळेत वर्ग बघायला गेला होता?"

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर "जाऊ देतात कुठं?" असं आलं, तर तो प्रश्न पुढे ग्रामसभेत आणि शाळा व्यवस्थापन समितीत तुम्ही विचारायचा आहे.